धावण्यापूर्वी पांडूचा विचार

परतूर तालुक्यातील आमच्या आष्टीत पहाटे रस्त्याने धावणाऱ्या मुलींचे आता नवल राहिलेले नाही. पोलीस भरतीत त्यांना ८०० मीटर धावावे लागते. यांपैकी काही जणी चिकित्सालयात येतात त्या धाप, हृत्स्पंदन व पिंडिकोद्वेष्टन घेऊन. नेत्र व नखे पांडुर दिसतात. आहार विचारावा, तर सकाळी केवळ चहा आणि आठवड्यात दोन उपवास! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताल्पता आढळली, हे येथे आठवते.

माण तालुक्यातील मोही या दुष्काळी भागातल्या गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली व पुढे महसूल सेवेत अधिकारी झाली. मुलींना हे ठाऊक असते. त्यामागील वर्षानुवर्षांचा क्रमाभ्यास मात्र दिसत नाही.

आपल्या आचार्यांनी व्यायाम अर्धशक्तीने सांगितला. कपाळ, काख व सांधे यांवर स्वेद आणि मुखशोष दिसताच थांबावे. बल वाढेल तसे ते अर्धही वाढते. आहारात बाजरीची भाकरी, मेथी, डाळ, वर लिंबू. चहा जेवणापासून तासभर दूर. हिमोग्लोबिन तपासल्यावाचून मी पुनर्नवा मंडूर देत नाही. ते फारच घटलेले असल्यास रुग्णालयात पाठवते.

भरती महिन्यावर आली असता ‘तूर्त धावू नकोस’ हे सांगणे जड जाते. तरी सांगते.