नागात्सूंचा शोध आणि 16 रुग्ण

फिओक्रोमोसायटोमा ही मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत होणारी दुर्मीळ गाठ. संकटाच्या वेळी शरीर जी अ‍ॅड्रिनॅलिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ही संप्रेरकं सोडतं, ती ही गाठ विनाकारण रक्तात ओतते. बसल्या जागी रक्तदाब भडकतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो. 1886 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये अशा झटक्यांनी 18 वर्षांची एक मुलगी गेली. शवविच्छेदनात दोन्ही बाजूंना गाठी निघाल्या. 1926 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी गाठ काढून रुग्ण वाचवले.

पण गाठ काढता येत नसेल किंवा पसरली असेल तर? फेनॉक्सिबेन्झामिनसारखी औषधं संप्रेरकांचा परिणाम अडवतात, त्यांची निर्मिती नाही. 1964 मध्ये तोशिहारू नागात्सू या जपानी संशोधकाने अमेरिकेत, बेथेस्डाच्या प्रयोगशाळेत सहकाऱ्यांसह टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम शोधलं. संप्रेरकं बनण्याची सुरुवात तिथूनच होते, म्हणजे आवळायचा नळ सापडला. तो आवळणारं मेटिरोसिन पुढच्याच वर्षापर्यंत रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. 1979 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

नागात्सूंच्या जपानमधली मेटिरोसिनची चाचणी मात्र 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक रुग्णालयं मिळून रुग्ण जमले 16. कसोटी होती लघवीतल्या मेटानेफ्रिनांची, म्हणजे या संप्रेरकांच्या अवशेषांची. ही तपासणी रुग्णाची चिकाटी पाहते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा थेंबन्‌थेंब एका कॅनमध्ये साठवायचा. 12 आठवड्यांनी 16 पैकी पाच जणांत मेटानेफ्रिनांचं प्रमाण निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलं. गुंगी मात्र सगळ्यांनाच आली.

पाचच? तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, ही उणीव खरीच. शिवाय हे औषध गाठ आटवत नाही. तरीही मला हा आकडा मोलाचा वाटतो. बहुतेकांवर शस्त्रक्रियेचा मार्ग उरला नव्हता, आणि इतक्या विरळ आजारात हजारो रुग्ण आणायचे कुठून? मोठ्या चाचणीची वाट पाहायची म्हटलं, तर या माणसांना औषध कधीच मिळायचं नाही. जपानने 2019 मध्ये मान्यता दिली, नागात्सूंच्या शोधानंतर 55 वर्षांनी.

डोकेदुखी, धडधड आणि घाम असे तिन्ही एकदम, झटक्याझटक्याने येत असतील, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नका. मेटानेफ्रिनची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.