पियानोचे सूर पेन ड्राइव्हमध्ये कसे मावतात?

अंकीय पियानोला बहुधा पेन ड्राइव्ह बसवण्याची एक खाच असते. ड्राइव्ह बसवायचा, ध्वनिमुद्रणाची कळ दाबायची आणि वाजवायला लागायचे. वादन संपले की पुन्हा कळ दाबायची; झाले मुद्रण! पण तोच ड्राइव्ह स्नेहसंमेलनाच्या दिवशी सभागृहातल्या ध्वनिसंचाला लावला, की कधीकधी पंचाईत होते. संच ती फाइल वाजवतच नाही. संगणकावर लावावी, तर सूर तेच, लय तीच, पण आवाज मात्र खेळण्यातल्या बाजासारखा. बिघाड वाद्यातही नसतो आणि ड्राइव्हमध्येही नसतो. प्रश्न असतो तो आपण नेमके काय साठवले याचा. कारण या वाद्यात वादन दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी साठवता येते.

बोटांची नोंद

पहिल्या प्रकारात आवाज साठवला जातच नाही. साठवली जाते ती बोटांची हालचाल. प्रत्येक पट्टीखाली दोन किंवा तीन संवेदक असतात. पट्टी दाबली की ते एकामागून एक चालू होतात. त्यांच्यामधला वेळ जितका कमी, तितका पट्टीचा वेग जास्त, म्हणजेच आघात जोराचा. ही माहिती आकड्यांत लिहिण्याची एक सर्वमान्य पद्धत १९८३ साली ठरली. तिला 'मिडी' म्हणतात. उदाहरणार्थ, १४४, ६०, ८० या तीन आकड्यांचा अर्थ असा : पहिल्या वाहिनीवर पट्टी दाबली, ती पियानोच्या मध्यावरची 'सी' ही पट्टी, आणि आघाताचा जोर १२७ पैकी ८०. पट्टी सोडल्याचा निरोप वेगळा जातो. दोन निरोपांमध्ये किती वेळ गेला, तेही फाइलमध्ये लिहिलेले असते.

म्हणजे मिडी फाइल ही स्वयंपाकाच्या कृतीसारखी आहे. कृतीच्या कागदाने पोट भरत नाही. ती वाचून कोणीतरी पदार्थ करावा लागतो आणि त्याची चव करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. तसेच मिडी फाइलमधून सूर काढायला दुसरे वाद्य किंवा तशी सोय असलेला संगणक लागतो, आणि आवाज त्याच्याजवळ असेल तसाच निघतो. सभागृहातला साधा संच गप्प का बसतो, याचे उत्तर इथे मिळते.

आवाजाची नोंद

दुसऱ्या प्रकारात खरोखर आवाजच साठवला जातो. अंकीय पियानोत तारा नसतात. बहुतेक वाद्यांत खऱ्या पियानोचे स्वर, हलक्या आणि जोरदार आघातांचे, आधीच मुद्रित करून आकड्यांच्या रूपात ठेवलेले असतात. पट्टी दाबली की योग्य तो स्वर निवडला जातो. एकाच वेळी वाजणाऱ्या सर्व स्वरांच्या आकड्यांची बेरीज होते, तिचे विद्युत्‌दाबात रूपांतर होते आणि तो ध्वनिक्षेपकाकडे जातो. मुद्रणाच्या वेळी याच बेरजेची एक प्रत थेट ड्राइव्हवर लिहिली जाते.

यात मायक्रोफोनचा संबंध कुठेच येत नाही. म्हणून खोलीतला पंखा, रस्त्यावरचा भोंगा, शेजारच्या वर्गातली पाढ्यांची घोकणी यांतले काहीही मुद्रणात उतरत नाही. पण याच कारणाने पियानोच्या साथीने कोणी गायले, तर ते गाणेही उतरत नाही! गायकाचा आवाज हवा असेल, तर त्याचा मायक्रोफोन वाद्याला जोडण्याची सोय असावी लागते. नाहीतर मुद्रण वेगळ्या यंत्रावर करावे लागते.

४४,१०० हाच आकडा का?

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. ते अखंड असतात. आकडे मात्र सुटे सुटे. म्हणून ठरावीक काळाने दाब मोजून त्याचे 'नमुने' घ्यावे लागतात. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एखादे कंपन आकड्यांतून बिनचूक परत उभे करायचे, तर कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला घ्यावे लागतात. म्हणजे ४०,००० हून अधिक नमुने हवेत.

मग ४४,१०० हा चमत्कारिक आकडा कुठून आला? १९७०च्या दशकाच्या अखेरीस अंकीय आवाज साठवायला दूरचित्रवाणीची चित्रफीत वापरत. चित्राच्या प्रत्येक रेषेवर ३ नमुने मावत. अमेरिकी व जपानी पद्धतीत वापरण्याजोग्या २४५ रेषा सेकंदाला ६० वेळा येत, तर युरोपी पद्धतीत २९४ रेषा ५० वेळा. दोन्ही गुणाकार करून पाहा : उत्तर ४४,१०० च! १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने तोच आकडा घेतला आणि पुढे तो रूढ झाला.

प्रत्येक नमुन्याला १६ बिट, म्हणजे २ बाइट दिले, की दाबाच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. डावा आणि उजवा असे दोन आवाज धरले, तर सेकंदाला ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट लागतात. पाच मिनिटांच्या वादनाला सुमारे ५ कोटी २९ लाख बाइट झाले. याच वादनात ३,००० स्वर आहेत असे समजा. दर स्वराला दाबण्याचा व सोडण्याचा असे दोन निरोप, आणि वेळेसह प्रत्येकी सुमारे ५ बाइट धरले, तर मिडी फाइल ३०,००० बाइटांत आटोपते. फरक पावणेदोन हजार पटींचा!

पेन ड्राइव्हच्या आत

ड्राइव्हमधल्या सूक्ष्म कोठड्यांत इलेक्ट्रॉन अडकवून ठेवलेले असतात. भोवती विद्युतरोधकाचा थर असल्याने वीज बंद झाली तरी ते निसटत नाहीत. किती इलेक्ट्रॉन अडकले आहेत, यावरून ० की १ ते वाचले जाते. लिहिण्याचे काम मात्र क्षणात होत नाही. शिवाय वेव्ह प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीलाच तिची लांबी नोंदवायची असते, आणि ती वादन संपल्यावरच कळते. म्हणून दिवा लुकलुकत असताना ड्राइव्ह उपटला, तर सूर लिहिलेले असूनही फाइल उघडत नाही. अडकलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे टिकतात, पण कायमचे नव्हेत; जपण्याजोग्या मुद्रणाच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

मग कोणता प्रकार निवडावा? चुकलेला स्वर दुरुस्त करायचा असेल, लय बदलून सराव करायचा असेल, तर मिडी. दुसऱ्याला ऐकवायचे असेल, तर आवाजाची फाइल. पुष्कळ वाद्यांत मिडी दुरुस्त करून मग तिची आवाजाची फाइल करता येते. उलट दिशेने, आवाजावरून बोटांची नोंद काढणे, फार अवघड : एकदा झालेल्या बेरजेवरून मूळ संख्या ओळखण्यासारखेच ते आहे.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. आलेखाच्या कागदावर एक तरंग काढावा. विद्यार्थ्यांनी आधी दर चौकटीला, मग दर पाच चौकटींना एक बिंदू घ्यावा. नुसते बिंदू शेजाऱ्याकडे द्यावेत आणि त्याने ते जोडून तरंग पुन्हा काढावा. नमुने कमी पडले की मूळ तरंगाऐवजी भलताच, संथ तरंग कसा उमटतो, ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग ८ अब्ज बाइटांच्या ड्राइव्हवर किती तासांचे वादन मावेल, हे गणित त्यांनाच सोडवू द्यावे. उत्तर साडेबारा तासांच्या आसपास यायला हवे.