ही डोकेदुखी अंगावर काढू नका

फेब्रुवारी 2011. लंडनच्या एका जिममध्ये व्यायाम करताना अभिनेत्री एमिलिया क्लार्कचं डोकं असह्य दुखू लागलं, उलट्या झाल्या. वय अवघं 24. मेंदूभोवती रक्तस्राव झाला होता. वेळीच उपचार मिळाले म्हणून ती वाचली.

डोक्याला मार न लागताही असं होऊ शकतं. अशा 100पैकी साधारण 85 रुग्णांमध्ये कारण असतं धमनीवरचा फुगा, म्हणजेच अ‍ॅन्युरिझम. धमनीला जिथे फाटा फुटतो तिथली भिंत कमकुवत झाली, की ती सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी फुगते. हा फुगा वर्षानुवर्षं काहीच त्रास देत नाही. फुटला की मेंदू आणि त्याच्या आवरणामधल्या जागेत रक्त पसरतं. काहींमध्ये रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता फुटतो. काहींमध्ये तर कारण सापडतच नाही.

सिगारेट-विडी, उच्च रक्तदाब आणि अति मद्यपानाने धोका वाढतो. आईवडील, भावंडांमध्ये हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

क्षणार्धात टोकाला पोहोचणारी, पूर्वी कधीच न झालेली डोकेदुखी, सोबत उलटी, ताठलेली मान किंवा हरपलेली शुद्ध असेल, तर ‘पित्त झालं असेल’ म्हणत बाम चोळत बसू नका. अ‍ॅस्पिरिन तर देऊच नका, त्याने रक्त गोठायला अडथळा येतो. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. पहिल्या 6 तासांत हा रक्तस्राव स्कॅनमध्ये सर्वात स्पष्ट दिसतो.