रिपोर्टमधील ‘एएलपी’ वाढले, तर दोष यकृताचा की हाडांचा?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची रक्ततपासणी होते. रिपोर्ट हातात पडतो आणि ‘अल्कलाइन फॉस्फेटेज’ या नावापुढचा आकडा ठळक अक्षरांत दिसतो. तपासणी ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ची असल्याने मुलाचे यकृत बिघडले, असे समजून घरचे हवालदिल होतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मुलगा झपाट्याने उंच होत असतो, एवढेच त्याचे कारण असते.

अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजेच एएलपी, हे एक विकर (एन्झाइम) आहे. यकृतातील पित्तनलिकांच्या पेशी आणि हाडे तयार करणाऱ्या पेशी यांच्यात ते प्रामुख्याने असते. आतडे, मूत्रपिंड आणि गर्भवतीची वार यांतही ते आढळते. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण साधारणपणे दर लिटरला ४० ते १३० युनिटच्या आसपास असते. मात्र प्रयोगशाळेनुसार ही मर्यादा बदलते, म्हणून रिपोर्टवर छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी. वाढत्या वयातील मुलांमध्ये हा आकडा प्रौढांच्या दोन-तीन पटही असू शकतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो वाढतो, तसेच मोडलेले हाड जुळून येत असतानाही वाढतो. ही वाढ म्हणजे आजार नव्हे.

मग आजार कधी समजायचा? पित्तनलिकेत खडा अडकला किंवा गाठीचा दाब आला, तर पित्ताचा मार्ग तुंबतो आणि एएलपी वाढते. अशा वेळी अंगाला खाज सुटणे, डोळे पिवळे होणे, लघवी गडद आणि शौच पांढरट होणे अशी लक्षणे दिसू शकतात. ती दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास दिरंगाई नको.

हाडांच्या बाबतीत चित्र वेगळे असते. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. ती तीव्र असेल तर हाडे मऊ पडतात. कंबर-मांड्या दुखतात, जमिनीवरून उठताना किंवा जिना चढताना त्रास होतो. अनेक स्त्रिया हे दुखणे ‘वयाचे’ म्हणून अंगावर काढतात. अशा वेळी एएलपीचा वाढलेला आकडा खऱ्या कारणाकडे बोट दाखवू शकतो.

एएलपी यकृतातून आले की हाडांतून, हे ठरवण्यासाठी ‘जीजीटी’ ही दुसरी तपासणी उपयोगी पडते. दोन्ही वाढलेली असतील, तर रोख यकृत व पित्तमार्गाकडे जातो आणि सोनोग्राफी केली जाते. जीजीटी नॉर्मल असेल, तर हाडांचा विचार होतो आणि कॅल्शियम, फॉस्फरस, ‘ड’ जीवनसत्त्व तपासले जाते.

आकडा खूप कमी असणेही कधी कधी महत्त्वाचे ठरते. कुपोषण, झिंकची कमतरता किंवा हायपोफॉस्फेटेशिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार त्यामागे असू शकतो.

तेलकट-तुपकट जेवणानंतर काहींच्या रक्तात एएलपी थोडे वाढते, त्यामुळे उपाशीपोटी रक्त दिलेले बरे. फिट्सवरील काही औषधांनीही ते वाढते. म्हणून चालू असलेली औषधे, गरोदरपण, नुकतेच झालेले फ्रॅक्चर हे सारे डॉक्टरांना सांगावे. एकट्या आकड्यावरून स्वतःच लिव्हर टॉनिक किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुरू करू नयेत. किंचित वाढलेला आकडा काही आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर अनेकदा नॉर्मल येतो.