खोली मिळते, शेजार घडवावा लागतो

अमेरिकेत पदवीचं शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या घरी येणाऱ्या फोनवर पहिल्या वर्षी तक्रार असते ती जेवणाची. तिसऱ्या वर्षी तीच मुलं सांगतात, की कढई कोण घासणार यावरून भांडण झालं! या दोन तक्रारींच्या मध्ये त्यांची राहण्याची पद्धतच बदललेली असते. आज त्या बदलाविषयी थोडं बोलू.

तिकडे पहिल्या वर्षाची मुलं बहुधा ‘डॉर्म’मध्ये, म्हणजे वसतिगृहात राहतात. अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षी आवारात राहण्याची सक्तीच असते. एका खोलीत दोघं, लांबलचक कॉरिडॉर, मजल्यावर सामाईक न्हाणीघर आणि जेवायला भोजनगृह. मजल्याकडे लक्ष ठेवायला वरच्या वर्षाचा एखादा विद्यार्थी नेमलेला असतो. पुढच्या वर्षांत मात्र बरीच विद्यापीठं आवारातच फ्लॅट देतात. साधारण चौघांत एक फ्लॅट. प्रत्येकाला लहानशी स्वतंत्र खोली, सगळ्यांत मिळून बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि एखाददुसरं बाथरूम. हेतू असा, की उद्या नोकरीला लागल्यावर जो संसार एकट्यानं चालवायचा, त्याची रंगीत तालीम इथेच व्हावी. किराणा आणणं, कचरा टाकणं, रात्री अभ्यास करणाऱ्याला त्रास न देणं, हे सगळं त्यात आलं.

हेतू चांगलाच आहे. पण फ्लॅटचं दार लागलं, की जाता-येता दिसणारे पन्नास चेहरे बंद होतात. चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या आपल्याकडच्या पिढीला हा अनुभव नवा नाही. चाळीत नळावर जातानासुद्धा चार दारं ओलांडावी लागत. फ्लॅटमध्ये सोय वाढली आणि शेजार आटला. मग विद्यार्थ्यांचंही असंच होतं का?

याचं उत्तर शोधणारा एक गाजलेला अभ्यास एमआयटी या संस्थेच्या आवारातच झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेले विवाहित विद्यार्थी तिथे शिकायला आले. त्यांच्यासाठी वेस्टगेट आणि वेस्टगेट वेस्ट अशा दोन वसाहती उभ्या राहिल्या. वेस्टगेट वेस्टमध्ये १७ दुमजली इमारती होत्या, प्रत्येकीत १० फ्लॅट. कोणता फ्लॅट मिळणार, हे प्रतीक्षायादीवर ठरे. निवडीला वाव नव्हता. लिऑन फेस्टिंजर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या अभ्यासकांनी रहिवाशांना विचारलं, तुमचं येणंजाणं सर्वांत जास्त कुणाकडे? १९५० साली निष्कर्ष पुस्तकरूपानं आले. एकाच मजल्यावर लागून असलेल्या दारांत १०० पैकी सुमारे ४१ वेळा मैत्री जुळली होती. मजल्याच्या दोन टोकांच्या दारांत मात्र फक्त १० वेळा. आणि ही टोकं एकमेकांपासून जेमतेम नव्वद फुटांवर होती! जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख होती. वेस्टगेटमध्ये ज्यांच्या घराचं दार अंगणाऐवजी रस्त्याकडे उघडत होतं, ते अंगणवाल्यांच्या तुलनेत एकटे पडले होते. स्वभाव वगैरे नंतर. आधी वाट कुठून जाते, ते महत्त्वाचं.

मग सरळ लांब कॉरिडॉरच बरा, असं कुणी म्हणेल. पण तसंही नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात अँड्र्यू बाउम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी दोन प्रकारच्या वसतिगृहांची तुलना केली. एकात ३४ मुलं एक कॉरिडॉर आणि न्हाणीघर वापरत. दुसऱ्यात चार ते सहा मुलांचा स्वतंत्र गट, त्यांची स्वतःची बैठकीची खोली. माणशी जागा जवळपास सारखीच. तरी १९७७ च्या त्यांच्या पुस्तकात दिसतं, की कॉरिडॉरमधल्या मुलांना गर्दी जास्त वाटे आणि ती अनोळखी माणसापासून दूर बसत. कोण, कधी समोर येईल यावर आपला ताबा नाही, ही भावना माणसाला मिटून टाकते. लहान गटात हा ताबा राहतो.

म्हणजे चौघांचा फ्लॅट वाईट नाही. मात्र एकोपा जबरदस्तीनंही आणता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत अब्जाधीश चार्ली मंगर यांच्या कल्पनेतून ४,५०० विद्यार्थ्यांची ११ मजली इमारत उभी राहणार होती. बहुतेक खोल्यांना खिडकीच नव्हती. मुलं बाहेर सामाईक जागेत येतील, असा त्यामागचा विचार होता. २०२१ मध्ये सल्लागार समितीवरचे वास्तुविशारद डेनिस मॅकफॅडन यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला आणि २०२३ मध्ये विद्यापीठानं तो आराखडा सोडून दिला.

याच २०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकटेपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचं निवेदन काढलं. त्यात तरुणांविषयीची काळजी ठळक होती. तेव्हा हा विषय केवळ सोयीगैरसोयीचा उरत नाही.

आपली अनेक मुलं पदव्युत्तर शिक्षणाला तिकडे जातात आणि निघण्याआधीच फ्लॅटचे सोबती ठरवतात. भाषा एक, जेवण एक, म्हणून मराठी मुलं एकत्र राहतात. त्यात गैर काही नाही. परक्या मुलखात वरणभाताचा आधार मोठा असतो. पण त्या दाराबाहेरच्या कुणाशीच बोलणं नसेल, तर चौघांचं एक बेटच होतं. चौघांपैकी एकाशी बिनसलं, की जायला दुसरं दार नसतं.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, भांडण नसतानाच नियम लिहून काढावेत. अनेक कॉलेजं फ्लॅटमधल्या मुलांकडून तसा करार करून घेतात : भांडी कधी घासायची, पाहुणे किती दिवस राहणार, सामिष स्वयंपाकाची भांडी वेगळी की एकच, दिवे कधी मालवायचे. दुसरी गोष्ट, फ्लॅट पाहताना भाड्याबरोबर जिना, कपडे धुण्याची सामाईक खोली आणि टपालपेट्याही पाहाव्यात. लोक जिथे सहज भेटतात, त्या वाटेवरचं घर बरं. आणि आडबाजूचं मिळालं, तर आठवड्यातून एकदा भाजी थोडी जास्त करावी आणि शेजारचं दार वाजवावं.