विश्लेषण : अमेरिकेतील ‘द सीडब्ल्यू’ वाहिनीच्या मालिका का आटल्या?

‘गॉसिप गर्ल’, ‘द व्हॅम्पायर डायरीज’, ‘द फ्लॅश’, ‘रिव्हरडेल’ ही नावे भारतातील ओटीटी प्रेक्षकांच्या परिचयाची आहेत. त्या मुळात कोणत्या वाहिनीवरच्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. या सगळ्या मालिका ‘द सीडब्ल्यू’ या अमेरिकेतील पाचव्या क्रमांकाच्या, म्हणजे मोठ्या प्रक्षेपण वाहिन्यांत सर्वांत लहान वाहिनीच्या. जानेवारी २०२० मध्ये या वाहिनीने एकाच वेळी १३ मालिकांना पुढच्या हंगामाची मंजुरी दिली होती. २०२४ संपताना त्या काळातील तिची एकच मालिका उरली होती. पाच वर्षांत एवढे काय घडले?

‘सीडब्ल्यू’ आली कुठून?

जानेवारी १९९५ मध्ये अमेरिकेत ‘द डब्ल्यूबी’ आणि ‘यूपीएन’ या दोन नव्या वाहिन्या सुरू झाल्या. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या चौघांच्या स्पर्धेत दोघींचाही जम बसेना. शेवटी सप्टेंबर २००६ मध्ये दोन्ही बंद करून एक नवी वाहिनी काढण्यात आली. सीबीएसचा ‘सी’ आणि वॉर्नर ब्रदर्सचा ‘डब्ल्यू’ असे तिचे नाव पडले. मालकी निम्मी-निम्मी होती.

एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्या संध्याकाळी आठ ते अकरा कार्यक्रम देतात. सीडब्ल्यूची वेळ आठ ते दहा अशी दोनच तासांची. दहानंतर स्थानिक केंद्रे आपल्या बातम्या दाखवतात. (अमेरिकेत राष्ट्रीय वाहिनी कार्यक्रम पुरवते आणि गावोगावची, बहुधा दुसऱ्याच कंपन्यांच्या मालकीची केंद्रे ते प्रक्षेपित करतात. पुढची कथा समजण्यासाठी ही रचना ध्यानात ठेवावी लागते.) सुरुवातीला तरुण मुली आणि स्त्रिया हा वाहिनीचा ठरवलेला प्रेक्षक होता. २०१२ मध्ये ‘ॲरो’ आली. पाठोपाठ ‘द फ्लॅश’, ‘लेजंड्स ऑफ टुमॉरो’ आणि सीबीएसवरून एका हंगामानंतर इकडे आलेली ‘सुपरगर्ल’ अशी डीसी कॉमिक्सच्या नायकांची रांगच लागली आणि वाहिनीचा चेहरा बदलला.

प्रेक्षक कमी, तरी मालिका कशा टिकल्या?

इथे खरी गंमत आहे. सीडब्ल्यूच्या कित्येक मालिकांना प्रक्षेपणाच्या वेळी जेमतेम दहा लाख प्रेक्षक मिळत. ‘क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड’ला तर तेवढेही नव्हते. एनबीसी किंवा सीबीएसवर असा आकडा आला असता तर मालिका काही आठवड्यांतच गुंडाळली गेली असती. इथे ती चार हंगाम चालली.

कारण वाहिनीचे मालक हेच मालिकांचे निर्मातेही होते. मालिका वॉर्नर ब्रदर्सच्या किंवा सीबीएसच्या स्टुडिओत तयार होई आणि सीडब्ल्यू त्यासाठी परवाना शुल्क भरे. जाहिरातींतून ते शुल्क भरून निघत नसे, म्हणून वाहिनी तोट्यात राही. पण त्याच मालिकेचे परदेशी हक्क आणि स्ट्रीमिंगचे हक्क स्टुडिओ विकत असे आणि ती मिळकत दोन्ही मालकांच्या खिशात जाई. थोडक्यात, वाहिनी हे दुकान नव्हते, दुकानाची काचेची खिडकी होती. माल विकला जाई तो दुसरीकडे.

या व्यवस्थेला बळ मिळाले ऑक्टोबर २०११ मधील नेटफ्लिक्सबरोबरच्या कराराने. चार वर्षांच्या या कराराचे मूल्य एक अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकते, असे त्या वेळी सांगितले गेले. २०१६ मध्ये तो नव्याने झाला तेव्हा हंगामाचा शेवटचा भाग प्रसारित झाल्यावर आठच दिवसांत सारा हंगाम अमेरिकेतील नेटफ्लिक्सवर येऊ लागला. याचा उलटा फायदाही झाला. आर्ची कॉमिक्सवर आधारलेल्या ‘रिव्हरडेल’चा पहिला हंगाम वाहिनीवर यथातथाच चालला. नेटफ्लिक्सवर तो मुलांनी अक्षरशः एका बैठकीत संपवला आणि दुसऱ्या हंगामाच्या पहिल्या भागाला वाहिनीवरच लक्षणीय जास्त प्रेक्षक मिळाले.

दर्जाचे काय?

सुपरहिरो आणि रक्तपिपासू नायकांच्या मालिका म्हणून सीडब्ल्यूची टिंगल पुष्कळ झाली. त्यातील काही भाग रास्तही आहे. २२-२३ भागांचा हंगाम भरताना ‘द फ्लॅश’ने तेच ते संकट किती वेळा आणले याची गणती नाही. पण कमी प्रेक्षकसंख्या सोसण्याची ताकद असल्यामुळे जे प्रयोग मोठ्या वाहिनीवर एक महिना टिकले नसते, ते इथे पूर्णत्वाला गेले.

‘जेन द व्हर्जिन’ (२०१४-१९) ही व्हेनेझुएलातील एका टेलिनोव्हेलाचे रूपांतर. आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांचे लॅटिनो घर, स्पॅनिशमध्येच बोलणारी आजी, आणि टेलिनोव्हेलातील योगायोगांची थट्टा करत करत त्यांवरच उभी राहिलेली कथा. प्रमुख अभिनेत्री जीना रॉड्रिगेझ हिला जानेवारी २०१५ मध्ये मिळालेला गोल्डन ग्लोब हा या वाहिनीचा पहिला. बरोबर १०० भागांवर मालिका थांबली. दुसऱ्याच वर्षी तोच पुरस्कार ‘क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड’च्या रेचेल ब्लूम हिला मिळाला. ही मालिका मुळात शोटाइम या सशुल्क वाहिनीसाठी आखली होती; तिथे ती नाकारली गेली. चार हंगामांत दीडशेहून अधिक स्वतंत्र गाणी आणि त्यांच्या आडून नायिकेच्या मानसिक आजाराचे निदान, उपचार, पुन्हा घसरण यांचा सलग आलेख अमेरिकी प्रक्षेपण वाहिनीवर क्वचितच आला असेल. ‘सुपरगर्ल’मध्ये निकोल मेन्स हिने साकारलेली ड्रीमर ही अमेरिकी टीव्हीवरील पहिली पारलिंगी सुपरहिरो होती. याउलट ‘सुपरनॅचरल’सारखी साधी, दोन भावांची भूतकथा १५ हंगाम आणि ३२७ भाग चालली. आज कोणताही ओटीटी मंच एका कथेला एवढा अवकाश देत नाही.

मग गाडी अडली कुठे?

ज्या मालकांच्या सोयीसाठी ही व्यवस्था होती, त्यांचीच सोय बदलली. वॉर्नरने मे २०२० मध्ये ‘एचबीओ मॅक्स’ सुरू केले, तर सीबीएसच्या मातृसंस्थेने मार्च २०२१ मध्ये ‘पॅरामाउंट प्लस’. स्वतःचा ओटीटी मंच असताना आपला माल नेटफ्लिक्सला कशाला द्यायचा, असा विचार त्याआधीच सुरू झाला होता. नेटफ्लिक्सबरोबरचा करार २०१९ मध्ये संपला तो पुन्हा झाला नाही. त्यानंतरच्या नव्या मालिकांमागे ती हमखास रक्कम राहिली नाही आणि खिडकीचा खर्च डोळ्यांत खुपू लागला.

विक्रीच्या हालचाली सुरू असतानाच २०२२ च्या मे महिन्यात वाहिनीने एकाच दिवशी सात मालिका बंद केल्या. ‘बॅटवुमन’ आणि ‘लेजंड्स ऑफ टुमॉरो’ यांना त्याआधीच, एप्रिलअखेर निरोप मिळाला होता. ऑगस्टमध्ये व्यवहार जाहीर झाला आणि ऑक्टोबरमध्ये ७५ टक्के मालकी नेक्सस्टार या कंपनीकडे गेली. दोन्ही जुन्या मालकांकडे प्रत्येकी साडेबारा टक्के उरले.

नवा मालक वेगळा का?

टेक्सासमधील नेक्सस्टार ही अमेरिकेतील स्थानिक केंद्रांची सर्वांत मोठी मालक कंपनी. तिच्याकडे स्टुडिओ नाही. त्यामुळे मालिकेच्या परदेशी विक्रीतून तिला मिळण्यासारखे काही नव्हते. तिच्यासाठी परवाना शुल्क हा निव्वळ खर्च. तिची मिळकत जाहिरातींतून आणि केबल कंपन्यांकडून मिळणाऱ्या पुनर्प्रक्षेपण शुल्कातून येते. असे शुल्क वाढवून मागायचे तर लोक त्याच वेळी, थेट पाहतील असे काहीतरी हवे. ते म्हणजे खेळ.

खरेदीच्या वेळी नेक्सस्टारने सांगितले, की वाहिनीच्या प्रेक्षकाचे सरासरी वय ५८ आहे. किशोरवयीनांची म्हणून ओळखली जाणारी वाहिनी प्रत्यक्षात त्यांच्या आजी-आजोबांपुढे चालू होती, असा त्याचा अर्थ लावला गेला. आकडा चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता. तो टीव्ही संचासमोर बसलेल्यांचा होता. तरुण प्रेक्षक मालिका फोनवर आणि ओटीटीवर पाहत होते. त्यांचे पैसे नव्या मालकाच्या हाती येत नव्हते, एवढेच.

मग २०२३ पासून सौदी निधीवर उभी असलेली ‘लिव्ह’ गोल्फ स्पर्धा आली, महाविद्यालयीन फुटबॉल आले. पुढे डब्ल्यूडब्ल्यूईची ‘एनएक्सटी’ कुस्ती आणि नॅसकारच्या दुसऱ्या श्रेणीच्या मोटारशर्यती. मालिका हव्याच असतील तर ‘सलिव्हन्स क्रॉसिंग’सारख्या कॅनडातील तयार मालिका कमी किमतीत घेतल्या जाऊ लागल्या. ‘सुपरमॅन अँड लोइस’चा चौथा हंगाम दहा भागांचा करून अनेक नियमित कलाकारांना कात्री लावण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये ती संपली आणि डीसी नायकांचे दालन बंद झाले.

नुकसान कोणाचे?

नेक्सस्टारचा हिशेब व्यापाराच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. तोट्यातील वाहिनी दुसऱ्यांच्या स्टुडिओसाठी चालवण्याचे तिला कारण नव्हते. फटका बसला तो काम करणाऱ्यांना. ‘ॲरो’, ‘द फ्लॅश’, ‘सुपरगर्ल’, ‘रिव्हरडेल’, ‘सुपरनॅचरल’ या साऱ्या कॅनडातील व्हँकूव्हर आणि परिसरात चित्रित होत. कॅनडाचा स्वस्त डॉलर आणि तिथली करसवलत हे त्याचे कारण. वर्षाला २२ भाग म्हणजे सुतार, प्रकाशयोजनाकार, वेशभूषाकार यांना जवळपास वर्षभर काम.

लेखकांचे नुकसान आणखी वेगळे. ‘ॲरो’पासून ‘ऑल अमेरिकन’पर्यंत या वाहिनीच्या अनेक मालिकांचा निर्माता असलेला ग्रेग बर्लँटी याने ऐन विशीत ‘डब्ल्यूबी’वरील ‘डॉसन्स क्रीक’ची धुरा सांभाळली होती. लांब हंगामात नवा लेखक आधी चर्चेत बसतो, मग एखादा भाग लिहितो, चित्रीकरणाला हजर राहतो आणि काही वर्षांत स्वतःची मालिका चालवण्याइतका तयार होतो. आठ-दहा भागांच्या ओटीटी हंगामात हे शिक्षण होत नाही. २०२३ मध्ये १४८ दिवस चाललेल्या लेखकांच्या संपातील एक मोठी मागणी हीच होती. किमान किती लेखक नेमायचे याचे नियम त्या संपानंतरच्या करारात आले. पण लहान वाहिन्यांवरील मालिकाच आटल्यावर ते नियम लागू करायला जागा कमी उरते.

एकटी ‘ऑल अमेरिकन’ कशी वाचली?

फुटबॉलपटू स्पेन्सर पेसिंजर याच्या आयुष्यावरून सुचलेली ही लॉस एंजेलिसमधील शाळकरी खेळाडूंची कथा वाहिनीवर कधीच फार चालली नाही. नेटफ्लिक्सवर मात्र तिला भरपूर प्रेक्षक मिळाले. करार २०१९ मध्ये संपला तरी त्याआधी सुरू झालेल्या मालिकांना जुनीच व्यवस्था लागू राहिली. ‘ऑल अमेरिकन’चा पहिला भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसारित झाला होता.