विश्लेषण : टँकरला आधी अर्थिंग, मग पाइप, असे का?

दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, तर शिरूर तालुक्यातील रांजणगाव वसाहतीत वाहन, इलेक्ट्रॉनिक्स आदी उद्योग. दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पूर्व पट्ट्यातले. पावसाळा सरून हवा कोरडी झाली, की स्थिर वीज साठू लागते. पावडर कोटिंगमध्ये हीच वीज रंगाची भुकटी धातूला चिकटवते. पण ज्वलनशील द्रावकाजवळ तीच जिवावर बेतू शकते.

कुलोमचा नियम काय सांगतो?

फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोम यांनी १७८५ मध्ये हे बल मोजले. सजातीय विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात, विजातीय ओढतात. अंतर दुप्पट झाले, की बल चौथ्या हिश्श्यावर येते. प्रत्येकी एक मायक्रोकुलोमचे दोन भार १० सेंटिमीटरवर असतील, तर त्यांच्यातील बल साधारण ९० ग्रॅम वजनाइतके भरते. एक मीटरवर ते शंभरपटीने घटते.

नियमाच्या मर्यादा कोणत्या?

हे सूत्र स्थिर आणि बिंदूवत भारांसाठी आहे. धातूच्या दोन वस्तू जवळ आल्या, की त्यांच्यावरील भार सरकतो. मग मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर सूत्रात घालून उत्तर बरोबर येत नाही. माध्यमही महत्त्वाचे. पाण्यात हे बल सुमारे ८० पटीने कमी होते. भार वेगाने धावू लागला, तर चुंबकीय परिणामही धरावे लागतात. शिवाय हवेची सहनशक्ती संपते. एक सेंटिमीटर कोरड्या हवेवर सुमारे ३० हजार व्होल्टचा ताण आला, की ती वीज वाहू देते आणि ठिणगी पडते.

मग धोका कशात?

टोल्युइनसारखे द्रावक विजेचे दुर्वाहक असते. पाइपमधून वाहताना त्यात भार तयार होतो आणि तो लवकर ओसरत नाही. टोल्युइनच्या वाफा पेटायला मिलिज्यूलच्या पाव भागाइतकी ऊर्जा पुरते. माणसाला मात्र सुमारे ३ हजार व्होल्टच्या पुढेच झटका जाणवतो आणि तेवढ्या ठिणगीत साधारण अर्धा मिलिज्यूल ऊर्जा असते. म्हणजे ‘काही जाणवले नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

उपाय काय?

टँकर रिकामा करताना आधी अर्थिंगची क्लिप लावायची, मगच पाइप जोडायचा. क्लिप काढायची ती पाइप सुटल्यावर, सर्वांत शेवटी. क्लिपखालचा रंग किंवा गंज खरवडलेला हवा. नाहीतर ती नुसती लटकते. एकमेकांपासून दूर जाऊ पाहणाऱ्या भारांना जमिनीची वाट मिळाली, की ते साठत नाहीत. प्लास्टिकच्या बादलीला मात्र अर्थिंग करून उपयोग नाही. तिच्यातून भार वाहतच नाही. द्रावक धातूच्या, अर्थिंग केलेल्या भांड्यातच घ्यावे. ओतण्याचा वेगही कमी ठेवावा.